दोन लाख एकोणऐंशी हजार सेकंद

संस्थेतल्या मोठ्या संगणकात सोळा प्रोसेसर होते आणि त्यांच्यावर हक्क सांगणारी माणसं एकशे चाळीस. तरीही बावीस वर्षांत संस्थेत मारामारी झाली नाही. याचं श्रेय एकाच माणसाकडे जात होतं आणि तो माणूस तळघरात बसत असे.

त्यांना सगळे आवराकाका म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच सुखानं नांदत होतं. काकांचं काम म्हणजे संगणकाची राखण. धरणाच्या भिंतीवर पाण्याचा दाब मोजणारे, मातीचे थर मोजणारे, माणसाच्या उच्चारातले सूर मोजणारे, असे सगळे मोजणारे लोक आपापले प्रोग्राम त्या एका संगणकावर सोडून देत. मग एखाद्याचा प्रोग्राम मेमरी खात सुटे, फुगत जाई, आणि बाकीच्यांचे प्रोग्राम कोपऱ्यात अंग चोरून बसत. इतरत्र अशा वेळी राखणदार एक कळ दाबून त्या प्रोग्रामचा निकाल लावतो. काकांनी बावीस वर्षांत मालकाला न विचारता एकही प्रोग्राम बंद केला नव्हता. ते उठत, चष्मा खिशात घालत, जिने चढत, त्या माणसाच्या टेबलाशी जाऊन उभे राहत आणि म्हणत, "जरा आवरा."

एवढंच. कारण नाही, उपदेश नाही, संचालकांकडे चिठ्ठी नाही. आणि लोक आवरत. घरी बायकोनं हेच वाक्य रोज दहा वेळा ऐकवलं तरी ढिम्म न हलणारे लोकही आवरत.

आता मात्र काका येत्या शुक्रवारी निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी त्यांची सख्खी भाची आली होती. यात वशिला नव्हता. निवड समितीत काकांचं एक मत होतं आणि ते त्यांनी भाचीच्या विरोधात दिलं होतं, केवळ वशिला दिसू नये म्हणून. ती तरीही पहिली आली. त्यानंतर महिनाभर काकांची बहीण त्यांच्याशी बोलत नव्हती.

भाचीला घरात बबडी म्हणत. संस्थेतही दोन दिवसांत हे नाव पसरलं, कारण तळघरातून काकांचा आवाज जिन्याच्या पोकळीतून थेट चौथ्या मजल्यापर्यंत जात असे.

"मामा," बबडी पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "हे जिने चढणं बंद करायचं."

"का? माझे गुडघे काही म्हणाले का तुला?"

"तुमचे नाही, माझे म्हणतायत. एकशे चाळीस माणसांच्या दारात जाऊन मी 'जरा आवरा' म्हणणार नाही. मला लाज वाटेल. त्यापेक्षा मशीनच सांगेल ना."

मग तिनं समजावलं. संगणकाच्या कारभाराची जी मुख्य व्यवस्था असते, तिच्यातच प्रत्येक प्रोग्रामला मर्यादा घालायची सोय असते. मेमरी इतकीच घ्यायची, फायली इतक्याच उघडायच्या, प्रोसेसर इतके सेकंदच वापरायचा. आणि ही सोय वापरायला एक छोटी तयार लायब्ररी, म्हणजे आयत्या आज्ञांचा संच, मिळते. तिच्यातल्या दोनतीन ओळी आपल्या प्रोग्राममध्ये घेतल्या की काम झालं. बबडीनं एक दारवान प्रोग्राम लिहिला होता. यापुढे प्रत्येकाचा प्रोग्राम या दारवानाच्या हातून सुरू होणार, आणि आत सोडण्याआधी दारवान त्याच्या गळ्यात मर्यादेची पाटी अडकवणार.

"आणि त्या प्रोग्रामनं आणखी प्रोग्राम सुरू केले तर?"

"त्यांनाही तीच पाटी. वारशानं मिळते."

"म्हणजे घराण्याचाच बंदोबस्त."

"मर्यादा दोन असतात, मामा. एक मऊ, एक कडक. मऊ मर्यादा प्रोग्रामला स्वतःची स्वतः वाढवता येते, पण कडक मर्यादेपर्यंतच. कडक मर्यादा खाली आणता येते, पण एकदा खाली आणली की त्याला स्वतःला ती परत वर नेता येत नाही. ते फक्त आपल्याला, राखणदारांना जमतं. तेसुद्धा चालू प्रोग्रामला हात न लावता, इथे बसून."

काकांना हे आवडलं. विशेषतः सेकंदांचा भाग. कारण मर्यादेतले सेकंद घड्याळाचे नव्हते. प्रोग्राम प्रत्यक्ष काम करत असेल तेवढेच सेकंद मोजले जात. वाट बघत बसलेला, डुलक्या घेणारा प्रोग्राम कितीही दिवस पडून राहिला तरी त्याच्या खात्यावर काही चढत नसे. हा हिशेब माणसांना लावला असता तर आस्थापना विभागातले निम्मे लोक अजून नोकरीच्या पहिल्या दिवसावर असते, असं काका म्हणाले. बबडी हसली नाही. आस्थापना विभागात तिची नेमणुकीची फाईल अडकली होती.

"मी टिपण लिहिलंय," तिनं अकरा पानं पुढे केली. "सगळं वाचा. आणि कुणाला किती मर्यादा द्यायची तो तक्ता तुम्हीच भरा. कुणाची भूक किती, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही."

काकांनी टिपण सहाव्या पानापर्यंत मन लावून वाचलं. सातव्या पानाचं शीर्षक 'अपवाद व धोके' असं होतं. बावीस वर्षांच्या नोकरीत काकांनी कुठल्याही कागदावरचे अपवाद व धोके वाचले नव्हते आणि त्यांचं काही अडलंही नव्हतं. त्यांनी टिपण बाजूला ठेवलं आणि तक्ता भरायला घेतला.

तक्ता भरताना त्यांचा हात एका ओळीशी थांबला. ती ओळ मुंग्यावाल्या बाईंची होती.

मुंग्यावाल्या बाई तिसऱ्या मजल्याच्या टोकाला बसत. बाई मुंग्यांचा अभ्यास करत. अरुंद बोगद्यात शेकडो मुंग्या जातात-येतात आणि तरी कोंडी का होत नाही, हा त्यांचा आयुष्याचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी संगणकात चाळीस वारुळं रचली होती, प्रत्येकाचे बोगदे वेगळे. बाईंचं लग्न मुंग्यांशीच लागलंय, असं संस्थेत म्हणत. म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची स्वतःची लग्नं मोडली होती.

काका पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ते नोकरीच्या पहिल्या महिन्यात. बाईंनी एका वेळी आठ वारुळं चालवून अख्खी संस्था ठप्प केली होती. काका वर गेले, "जरा आवरा" म्हणाले. बाईंनी चष्म्यावरून बघितलं, "बरं" म्हणाल्या आणि चहा दिला. चहा अतिशय वाईट होता. त्या दिवशी गुरुवार होता आणि घड्याळात साडेतीन वाजले होते.

पुढच्या गुरुवारी काका नीट चाललंय ना हे तपासायला गेले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही गेले. मुंग्या नीटच चालल्या होत्या. तेव्हापासून बावीस वर्षं त्या कधीही हाताबाहेर गेल्या नाहीत आणि काकांची तपासणी दोन गुरुवार सोडले तर चुकली नाही. अकरा वर्षांपूर्वी काकांची बायको गेली, तेव्हा दोन गुरुवार ते आले नाहीत. तिसऱ्या गुरुवारी आले तेव्हा बाईंनी काही विचारलं नाही, फक्त चहात साखर जास्त घातली. चहा आणखीच बिघडला. काकांनी तो पूर्ण प्यायला.

बाई त्यांना काका म्हणत नसत, साहेब म्हणत नसत, कुठल्याच नावानं हाक मारत नसत. नुसतं "अहो" म्हणत. या 'अहो'वर संस्थेत मुंग्यांपेक्षा जास्त संशोधन झालं होतं.

तर आता शुक्रवारी काका निवृत्त होणार. म्हणजे येता गुरुवार शेवटचा. आणि त्या गुरुवारी काकांना बाईंना एक गोष्ट विचारायची होती. गोष्ट साधी होती. यापुढेही आपण भेटू शकतो का, एवढीच. पण बावीस वर्षं जो माणूस 'तपासणी'च्या नावाखाली गेला, त्याला असं उघड्या तोंडानं काय विचारता येणार? विषय निघायला हवा. विषय निघायला प्रसंग घडायला हवा. आणि बाईंच्या खोलीत मुंग्या सोडल्या तर काहीच घडत नसे.

काकांनी तक्त्याकडे बघितलं आणि प्रसंग घडवायचं ठरवलं.

बाई दर वेळी सोमवारी सकाळी दहाला प्रोग्राम सुरू करत. तो एक प्रोसेसर अडवून बसे आणि शुक्रवारी दहापर्यंत, शहाण्णव तास, एक डुलकी न घेता काम करे. सोमवारी दहा ते गुरुवारी साडेतीन म्हणजे साडेसत्याहत्तर तास. त्याचे सेकंद दोन लाख एकोणऐंशी हजार. काकांनी मुंग्यांची मऊ मर्यादा तेवढीच लिहिली. कडक मर्यादेच्या रकान्यात 'अमर्याद' लिहिलं. गुरुवारी साडेतीनला मुंग्या मर्यादेला टेकतील, बाईंच्या पडद्यावर सूचना येईल, बाई दचकतील, त्याच क्षणी आपण दारात. "काही काळजी नको," असं म्हणून आपण त्यांच्यासमोरच मर्यादा वाढवायची. बाई म्हणतील, तुम्ही नसता तर काय झालं असतं. आणि तिथून विषय आपल्या पायांनी चालत पुढे जाईल.

बबडीनं तक्ता तपासला. "मामा, सगळ्यांचे आकडे गोल आहेत. धरणवाल्यांना पाच लाख, मातीवाल्यांना तीन लाख. हा दोन लाख एकोणऐंशी हजार कुठून आला?"

"अनुभवातून," काका म्हणाले.

गुरुवारी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तीन वीसला ते लॅपटॉप काखेत मारून निघाले. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांनी मनातल्या मनात ते विचारायचं वाक्य चार प्रकारे म्हणून बघितलं. चौथ्या प्रकारात ते जरा बरं वाटत होतं, म्हणून तेवढ्यात बाईंचं दार लोटलं.

"अहो, या. बसा," बाई म्हणाल्या. किटली आधीच चढली होती. "आज पाच मिनिटं लवकर?"

"शेवटची तपासणी आहे. सविस्तर करावी म्हटलं."

"करा. उद्या पाच वाजता मला आकडे पाठवायचेत. संपादकांनी दोनदा मुदत वाढवून दिली, आता तिसऱ्यांदा तोंड दाखवायची सोय नाही. पण उद्या दहाला संपतंय सगळं. निवांत आहे."

"निवांतच राहा," काका म्हणाले आणि पडद्याकडे डोळे लावून बसले.

बाईंनी चहा ओतला. तीन तीस झाले. काही झालं नाही. तीन एकतीसला पडद्यावर एक ओळ उमटली. बाई वाकल्या, त्यांनी ती वाचली आणि पुन्हा वाचली.

"'प्रोसेसरची वेळमर्यादा संपली'," त्या म्हणाल्या. "म्हणजे काय?"

"काही काळजी नको," काका हात वर करत म्हणाले. त्यांनी लॅपटॉप उघडला, बाईंच्या प्रोग्रामचा क्रमांक टाकला, मर्यादा वाढवायची आज्ञा दिली. लॅपटॉपनं कळवलं की असा कुठलाही प्रोग्राम अस्तित्वात नाही. काकांनी क्रमांक परत टाकला. लॅपटॉप आपल्या म्हणण्यावर ठाम होता.

काकांनी खाली फोन लावला. "बबडे, मऊ मर्यादा आली की प्रोग्रामला सूचना जाते ना?"

"जाते."

"मग पुढे?"

"पुढे काय? ती सूचना ऐकायला प्रोग्रामला शिकवलेलं असेल तर तो ऐकतो आणि काम चालू ठेवतो. शिकवलेलं नसेल तर जागच्या जागी मान टाकतो. मामा, तुम्ही सातवं पान वाचलंत ना?"

काकांनी फोन ठेवला.

त्यांची चूक तशी त्यांच्याच जातीची होती. दुसरा कुणी असता तर त्यानं मर्यादा म्हटल्यावर मरणच धरलं असतं. काकांनी आयुष्यभर माणसांना सूचना दिल्या, आणि सूचनेनं कुणी दगावलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. धरणवाला सूचना ऐकून दोन दिवस घुश्शात राहिला होता, हीच आजवरची सर्वांत मोठी हानी.

"किती गेलं?" त्यांनी विचारलं.

"सगळं." बाई खुर्चीत मागे टेकल्या. "मी निकाल शेवटी एकदम लिहिते. चाळीस वारुळं झाली की मग. पहिल्यापासूनची सवय." त्यांनी परत पडद्याकडे बघितलं. "मी कधी मर्यादा मोडली नाही. मग मलाच का?"

इथे काकांना दोन वाटा होत्या. नवी व्यवस्था आहे, यंत्र आहे, होतं असं कधीकधी, असं सांगता आलं असतं. बबडीच्या नावावरही ढकलता आलं असतं, तिची नोकरी तशीही कच्ची होती. काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मी लावली," ते म्हणाले.

"काय?"

"मर्यादा. तुमच्यापुरती. मुद्दाम. दोन लाख एकोणऐंशी हजार."

बाईंनी कागद ओढला, मागे भागाकार केला. आकड्यांशी त्यांची जुनी ओळख होती. "साडेसत्याहत्तर तास. म्हणजे आज साडेतीन."

"हो."

"साडेतीनलाच का?"

"मी साडेतीनला येतो म्हणून."

"अहो, तुम्ही दर गुरुवारी साडेतीनला येता. मर्यादा नसती तरी आला असतात."

"आलो असतो," काका म्हणाले. "पण बोललो नसतो."

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. काकांना वाटलं, आता त्या 'निघा' म्हणतील, आणि त्यांनी पाय उचलायची तयारीही केली.

"काय बोलायचं होतं?"

"ते राहू द्या. आधी मुंग्यांचं बघू."

"मुंग्यांचं बघायला शहाण्णव तास लागतात. माझ्याकडे पंचवीस आहेत. मी संपादकांना कळवते की जमलं नाही." त्यांचा आवाज शांत होता आणि तेच काकांना सोसवेना. चार शब्द ओरडून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात बबडी धापा टाकत वर आली. हातात टिपण होतं, सातवं पान वर करून. तिनं मामांचा चेहरा बघितला आणि टिपण पाठीमागे लपवलं.

"बाई, मी जरा तुमचा प्रोग्राम बघू?" ती खुर्ची ओढून बसली. "वारुळं एकामागून एकच चालायला हवीत का? एकमेकांशी संबंध आहे?"

"काही नाही. चाळीसही स्वतंत्र."

"मग एका वेळी एकच का चालवता?" बबडी ओळी वाचत खाली गेली आणि एका जागी थबकली. "इथे पूर्वी आठ होतं. आठ खोडून एक केलंय. आणि पुढे शेरा आहे."

"असेल," बाई घाईनं म्हणाल्या.

बबडीनं शेरा मोठ्यानं वाचला. नवी पिढी असल्या बाबतीत निर्दय असते. "'एका वेळी एकच. तळघरातले नवे गृहस्थ म्हणाले म्हणून. बिचारे जिने चढून आले होते.'" खाली तारीख होती, बावीस वर्षांपूर्वीची.

बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर सायकली लावायची शेड होती. तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

काकांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडत गेला. आठच्या जागी एक. जे काम बारा तासांत उरकलं असतं त्याला शहाण्णव तास. दर आठवड्याला. बावीस वर्षं. त्या काळात संगणक तीनदा बदलला होता, प्रोसेसर आठाचे सोळा झाले होते, लोकांनी आपापले पाय पसरले होते. बाईंना परत कुणी 'आता चालेल' असं सांगायलाच गेलं नव्हतं. दर गुरुवारी जाणारा माणूस होता, पण तो तपासणीत गुंतलेला होता.

"तुम्ही विचारलं का नाहीत?" काका म्हणाले.

"तुम्ही आवरा म्हणालात. मी आवरलं," बाई खिडकीकडेच बघत म्हणाल्या. "विचारायचं काय त्यात?"

बबडी घसा खाकरून म्हणाली, "आत्ता आठ केलं तर बारा तास. सकाळी तयार. मर्यादा मी काढून टाकते. फक्त आठ प्रोसेसर मोकळे हवेत, आणि आता दोनच आहेत. मी सहा प्रोग्राम इथूनच गोठवू शकते. एक मिनिटाचं काम आहे, कुणाला कळणारही नाही."

"नाही," काका उठले. "न विचारता कुणाचं काही बंद करायचं नाही."

"मामा, वेळ..."

"तू खाली जा आणि आठ करून ठेव. सहा मी आणतो."

आणि काका निघाले. आजवर ते या मजल्यांवर दुसऱ्याच्या वतीनं फिरले होते. धरणवाल्यासाठी मातीवाल्याकडे, मातीवाल्यासाठी सूरवाल्याकडे. स्वतःसाठी कुणाकडे काही मागायची पाळी आली नव्हती, त्यामुळे पहिल्या दारात त्यांना नेहमीचे दोन शब्दही सुचेनात.

पहिलं दार धरणवाल्याचं होतं. त्याचे तीन प्रोग्राम चालू होते.

"काका, आज नको," तो मान वर न करता म्हणाला. "पाणी अर्ध्या भिंतीपर्यंत आलंय. आता थांबवलं तर मी वेडा होईन."

"थांबव. सकाळपर्यंत. माझ्याकडून चूक झालीय."

धरणवाल्यानं मान वर केली. काकांकडून चूक, हे शब्द त्यानं एका वाक्यात कधी ऐकले नव्हते. "कसली चूक?"

"बाईंचं चार दिवसांचं काम माझ्यामुळे गेलं. मी मुद्दाम मर्यादा लावली. उद्या पाचला त्यांची मुदत आहे."

"मुद्दाम कशाला?"

"त्यांच्याशी बोलायला निमित्त हवं होतं म्हणून."

धरणवाल्यानं काकांकडे बघितलं, इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं, आणि तिन्ही प्रोग्राम गोठवले. "पाणी कुठे जात नाही," तो म्हणाला. "पण काका, बोललात का मग?"

"अजून नाही."

"काय हो तुम्ही," धरणवाला म्हणाला आणि त्यांच्याबरोबर चालायला लागला.

मातीवाल्यांकडे दोघं गेले. तिथे काकांना तोंड उघडावंच लागलं नाही, धरणवाल्यानंच सगळं सांगितलं आणि वर दोन गोष्टी पदरच्या घातल्या. मातीवाल्यांनी दोन प्रोसेसर दिले. सूरवाल्या मुलीकडे एकच होता आणि तिचा प्रबंध उद्याच दाखवायचा होता. "मी दुपारी दाखवेन," ती म्हणाली. "गाईडना सांगते, काकांचं लग्न आहे."

"लग्नबिग्न काही नाही," काका म्हणाले.

"तेवढं कारण नसलं तर ते ऐकायचे नाहीत."

पाच वाजून दहा मिनिटांनी सहाचे नऊ झाले होते. ज्यांच्याकडे कुणी मागितलंच नव्हतं तेही आपले प्रोग्राम थांबवून जिन्यात उभे होते. बबडीनं तळघरातून कळवलं, आठही वारुळं धावू लागली आहेत, आता कृपा करून कुणी काही थांबवू नका, मशीनला काम उरणार नाही.

काका तिसऱ्या मजल्यावर परतले तेव्हा बाईंनी टेबल आवरून पर्स खांद्याला लावली होती.

"चालू झालंय," काका म्हणाले.

"बबडीनं सांगितलं. तुम्ही कारणासकट सगळ्यांना सांगितलंत, हेही सांगितलं."

"खोटं सांगायला वेळ नव्हता."

"रागावलेय मी," बाई म्हणाल्या.

"रागवा."

"मुंग्यांबद्दल नाही. त्यांचे आकडे उद्या येतील." त्या दारापर्यंत गेल्या. "बावीस वर्षं एक माणूस माझ्या खोलीत येऊन बसतो, आणि त्याला तोंड उघडायला पावणेतीन लाख सेकंदांचा बंदोबस्त करावा लागतो. मी काय इतकी भीतिदायक आहे?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "थोड्या," ते म्हणाले.

बाईंना हसू आलं. ते त्यांनी जिन्यापर्यंत दाबून नेलं.

शुक्रवारी सकाळी चाळीस वारुळांचे आकडे फायलीत येऊन बसले होते. बाईंनी दुपारी दोनलाच ते पाठवून दिले. चार वाजता वरच्या सभागृहात काकांचा निरोप समारंभ झाला. संचालकांनी काकांच्या शिस्तीवर भाषण केलं. भाषण सुरू असताना मागच्या रांगांमध्ये बरीच कुजबुज होती आणि तिचा शिस्तीशी काही संबंध नव्हता. बाई समारंभात कुठे दिसल्या नाहीत. काकांनी तीनदा मागे वळून बघितलं. आभाराच्या भाषणात ते फक्त "बरं, येतो" म्हणाले. सभागृहाला तेच आवडलं.

पाचच्या सुमाराला काका तळघरात गेले. बबडी त्यांच्या जुन्या खुर्चीची उंची बदलत होती. टेबलापलीकडे, केबलच्या गुंडाळ्यांमध्ये जागा करून, मुंग्यावाल्या बाई बसल्या होत्या. बावीस वर्षांत त्या पहिल्यांदाच खाली आल्या होत्या.

"मामा, मी सर्व्हर बघून येते," बबडी म्हणाली. सर्व्हर तिच्या पाठीमागेच होता. ती तरीही दाराबाहेर गेली.

"इथे थंडी फार आहे," बाई म्हणाल्या. "कसे राहिलात?"

"वर यायचो अधूनमधून."

"बरं. आता विचारा."

काकांनी चारही प्रकार आठवून बघितले. एकही आठवेना. "यापुढे गुरुवारी," ते म्हणाले, "म्हणजे मी नोकरीत नसताना... आलो तर चालेल का? तपासायला काही नसेल."

"नाही," बाई म्हणाल्या.

काकांनी मान हलवली. हे उत्तर येऊ शकतं, हे त्यांनी धरलंच होतं. फक्त इतक्या लवकर येईल असं धरलं नव्हतं.

"बावीस वर्षं तुम्ही चढलात," बाई पुढे म्हणाल्या. "आणि तो चहा प्यायलात. चहा कसा होतो ते मला माहीत आहे, मीही तो पिते. आता मी येणार. चहा तुम्ही करायचा. कुठे राहता?"

काकांना पत्ता सांगायला वेळ लागला. स्वतःचाच पत्ता असा अवघड असेल याची त्यांना कल्पना नव्हती.

"कितवा मजला?"

"चौथा."

"लिफ्ट आहे?"

"नाही."

"दम लागतो हो मला. मध्ये दोनदा थांबावं लागेल." बाईंनी हिशेब केला. "रविवारी येते. साडेतीन म्हणाले तरी पावणेचार धरा."

"धरतो," काका म्हणाले.